टॉवेलाखालचा आकडा

टीव्हीवर तो अक्षरं-आकड्यांचा खेळ लागला, की मला एका जागी बसवत न्हाय बघा. हरेल त्यानं भांडी घासायची, अशी बायकोशी पैज असती.

परवा आकडे आले दोन, तीन, पाच, नऊ, सतरा, पुढचा ओळखा. मी नुसत्या येरझाऱ्या घालतोय. तेवढ्यात अण्णांनी, म्हंजे वडलांनी, माझा हात टॉवेलाखाली ओढून तीन बोटं दोनदा दाबली. बैलबाजारातले जुने दलाल ते. तिथं भाव असाच ठरतो. मी वैतागून हात सोडवला.

बायको म्हणाली, "तेहतीस." टीव्हीवरचा माणूसही "तेहतीस" ओरडला.

"अण्णा, तोंडानं सांगायचं की."

"चारचौघांत आकडा फोडत्यात व्हय?" अण्णांनी टीव्हीकडं बघून मान हलवली. "ह्या गड्याच्या हातनं एक बैल इकला जायचा न्हाय."