रश्शाचा नंबर

एउफेलिया : आधी ताट संपव, डेल्फिनो. महापौर व्हायला निघालास आणि उपाशीपोटी मतं मागत फिरतोस?

डेल्फिनो : मावशी, मतपत्रिकेवर तुमचा पहिला नंबर रमोनाला, ठाऊक आहे. अंगणात तिच्याच प्रचाराची पाटी आहे. मला फक्त दुसरा द्या. अख्खी गल्ली तुमचं बघून नंबर लावते. तो नाही मिळाला तर मी आपटलोच.

एउफेलिया : अरे वा! परवा चर्चच्या हॉलात माईक धरून कोण ओरडत होतं? "हे उमेदवारांना पसंतीचे नंबर लावणं म्हणजे डोक्याला ताप. म्हाताऱ्यांना झेपायचं नाही. एकाला मत द्या, घरी जा!"

डेल्फिनो : सभेत बोलावं लागतं हो.

एउफेलिया : ही म्हातारी पुढच्याच रांगेत होती. रमोना मागे पडून बाद झाली, की माझं मत उठून दुसऱ्या नंबरवाल्याकडे जाणार. म्हणून तू आलास. झेपलं की नाही?

डेल्फिनो : झेपलं.

एउफेलिया : मग आता तू लाव नंबर. माझा लाल मिरचीचा रस्सा कितवा?

डेल्फिनो : पहिला! अख्ख्या सांता फे शहरात याला तोड नाही.

एउफेलिया : आणि माझ्या जावेचा? क्रुसिताचा?

डेल्फिनो : दुसरा. बराच मागे.

(आतलं दार उघडतं.)

क्रुसिता : काल माझ्या ओट्यावर वाटी चाटूनपुसून काय म्हणालास रे?

डेल्फिनो : अरे देवा! तुम्ही इथे?

क्रुसिता : माझा पहिला म्हणालास. हिचा दुसरा.

एउफेलिया : दोघींना पहिला नंबर दिलास की मत बाद, बाळा. आम्हाला झेपतं, तुलाच झेपेना.

डेल्फिनो : हरलो. खरं सांगू? पहिला माझ्या आईचा. दुसरा क्रुसितामावशींचा. तिसरा तुमचा.

एउफेलिया : तिसरा? का म्हणून?

डेल्फिनो : मीठ जास्त असतं.

क्रुसिता : मेला आता हा!

एउफेलिया : तू गप गं. जा डेल्फिनो, दुसरा नंबर तुझा.

डेल्फिनो : रागावला नाहीत?

एउफेलिया : रागावले, म्हणून तर पहिला नाही. रमोना या टेबलाशी बसली, एक घास घेतला आणि न विचारता म्हणाली, मीठ जास्त. तुझ्याकडून ते उकरून काढावं लागलं.

डेल्फिनो : येतो मावशी. उपकार झाले.

एउफेलिया : ये. आणि त्याच हॉलात, त्याच माईकवर म्हाताऱ्यांची माफी मागायची.

क्रुसिता : गेला एकदाचा. आता त्या पातेल्यात काय बघत बसलीस?

एउफेलिया : क्रुसिता... खरंच जास्त असतं का गं?