दादानं दिलेला पहिला नंबर

नेटचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमच्या वहिनीची नोकरीसाठी व्हिडिओवर मुलाखत होती. मुलं मोठी झाल्यावर पहिल्यांदाच तिनं कुठं अर्ज केला होता. आमच्या सोलापुरातल्या घरचं नेट म्हणजे कधी पळतंय, कधी रांगतंय. म्हणून दादानं राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून तिच्या लॅपटॉपला पहिला नंबर दिला, म्हणजे नेट आधी त्याला मिळणार, आणि घरातले सगळे मोबाईल मागं ढकलले. "आता बिनधास्त बोल की," म्हणाला.

ऐन वेळी लॅपटॉपचा माईकच चालेना. वहिनी घाईघाईनं स्वतःचा मोबाईल घेऊन बसली. तिकडं उघड्या राहिलेल्या लॅपटॉपवर कसलंतरी मोठं अपडेट सुरू झालं आणि सगळं नेट त्यानंच ओढलं. मोबाईलवर वहिनीचा आवाज तुटायला लागला. "मॅडम, ऐकू येत नाही," असं समोरचे म्हणत राहिले आणि शेवटी कॉलच बंद झाला. पुन्हा काही त्यांनी बोलावलं नाही.

दादाला लई लागलं ते. "अगं, मी तुलाच सगळ्यांच्या पुढं ठेवलं होतं की गं," तो म्हणाला.

वहिनी साडीची पिन काढत होती. वर न बघताच म्हणाली, "मला नाही हो. लॅपटॉपला."