वेड्याचा डॉक्टर

चहा घ्या अन् ऐका. आमच्या रायपूरजवळच्या बीरगांवात मराठी पिक्चरवाले आले होते, डोकं फिरलेल्या खुन्याचा पिक्चर काढाले. मुंबईचा डायरेक्टर मले म्हणे, "काका, रायपूरचा मराठी माणूस पडद्यावर दिसतच नाही. तुम्ही आमचे वेडे खुनी व्हा."

"अन् वेड्याचा डॉक्टर?"

"तो मुंबईचा."

"काहून बे? शहाणे तुमच्याकडचे अन् वेडे आमचे? डॉक्टर मीच होतो, नाही तर चाललो घरी."

मानलं बिचाऱ्यानं. पांढरा कोट घालून बसलो. वेडा खुनी झालेला हिरो रडत म्हणे, "डॉक्टर, मला मेलेली बायको दिसते."

मी म्हटलं, "उपाशी आहेस बाबू. रातभर पाण्यात भिजवलेल्या भाताची बासी दही घालून खा अन् झोप. कोणी दिसत नाही मग."

हिरोले हसू फुटलं. डायरेक्टर ओरडला, "काका, त्याला बरं करू नका! दीड तासाचा पिक्चर बाकी आहे!"