पुरे म्हणजे किती

अगं, आमचं धनुष्य काल पूर्ण ताणलं गेलं, आणि तेही माझ्या मराठीमुळे. ऐक तर.

मी आणि हरमन त्याच्या पंजाबातल्या मुल्लानपूरच्या घरी तुतीच्या लाकडाचं धनुष्य बनवतोय ना. पहिलं ताणतानाच मोडलं, आणि चांगलं लाकूड या एकापुरतंच उरलं होतं. काल त्याची परीक्षा. धनुष्य भिंतीवर आडवं अडकवलं, दोरी कप्पीतून घेतली. हरमन दोरी ओढणार, मी लांबून दोन्ही बाजू सारख्या वाकतायत का ते बघणार.

मी म्हणतेय, "थोडा और, थोडा और," आणि एकदम कर्रकन आवाज आला. घाबरले की मला मराठीच सुचतं यार. मी किंचाळले, "पुरे! पुरे!"

तर या पठ्ठ्याने दातओठ खाऊन दोरी पार भिंतीवर केलेल्या शेवटच्या खुणेपर्यंत ओढली. मी डोळेच मिटले. पण मोडल्याचा आवाज येईना. बघते तर दोन्ही बाजू अशा मस्त वाकलेल्या, अगदी सारख्या.

"पागल है क्या? पुरे मतलब बस!"

"तू ही तो चिल्लाई, पूरे, पूरे. मैंने पूरा खींच दिया."

"और वो कर्र?"

"वो तो पुली थी, तेल नहीं डाला."

मग त्याने दोरी हळूहळू सोडली, धनुष्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सुन, अगली बार डरना हो तो पंजाबी में डर."