पाचव्या जागेवरचा शब्द

तावारेस : टॅक्सीवाला खाली नुसता कुरकुरतोय, सोलांज. आणि तुझ्या वडिलांचा एक बूट अजून पलंगाखालीच आहे.

सोलांज : बाबा, ऊठ ना आता.

लाकाझ : त्याला सांगा, आज नाही जमत. कविता अर्धवट आहे.

तावारेस : अख्ख्या बेलव्हिल वस्तीतली पोरं मोठी झाली, मस्यू लाकाझ. तुमची कविता तेवढी मोठी होईना.

सोलांज : मादाम तावारेस, त्या टॅक्सीवाल्याला जरा कॉफी पाजा. आलोच आम्ही.

तावारेस : पाजते. पण यांना हात धरून उतरव हं. मागच्या हिवाळ्यात जिन्यात पडले, तेव्हा मलाच चार मजले धापा टाकत यावं लागलं होतं.

(इमारतीची राखण करणाऱ्या मादाम तावारेस बडबडत खाली गेल्या. स्वयंपाकघरात बाप आणि लेक तेवढे उरले, आणि टेबलाजवळ भरून ठेवलेली बॅग.)

सोलांज : नाताळला म्हणालास, कविता संपली की तुझ्याकडे राहायला येतो. ईस्टरलाही तेच. आता ऑक्टोबर आला. घोडं कुठे अडलंय?

लाकाझ : कविता म्हणजे काय आम्लेट आहे, भाजलं की उतरवलं?

सोलांज : तुझी तशीच असते की. सकाळी विद्यापीठात बीजगणित शिकवायचास, दुपारी कालव्याकाठी चालत ओळी जुळवायचास. हिशेब दोन्हीकडे पक्का. सहा शब्द, सहा कडवी. ओळींच्या शेवटी तेच सहा शब्द, फक्त जागा बदलून. प्रत्येक शब्द प्रत्येक जागेवर बसून आला की कविता पूर्ण. अक्रोड मांडून तूच शिकवलंस मला.

लाकाझ : आठवतं तुला?

सोलांज : न आठवून काय करतेय? बाकीच्या मुलींना त्यांचे बाबा सायकल शिकवत होते, तेव्हा तू मला हे शिकवत होतास.

लाकाझ : या वेळी सात शब्द घेतलेत.

सोलांज : बरं, सात घे. किती उरलंय ते मीच मांडून बघते. मीठ, चमचा, लिंबू, किल्ली, साखरेचा खडा, बूच, अंड्याची वाटी.

लाकाझ : राहू दे गं. टेबल आत्ताच पुसलंय.

सोलांज : शेवटचं सगळ्यात पुढे. मग पहिलं. मग शेवटून दुसरं, मग पुढून दुसरं... अरे, साखर होती तिथेच राहिली.

लाकाझ : चुकली असशील.

सोलांज : पुन्हा करते. किल्ली, अंड्याची वाटी, लिंबू, मीठ... आणि साखर. तिथेच! बाबा, हा पाचवा कधीच हलत नाही का?

लाकाझ : नाही.

सोलांज : मग तो प्रत्येक जागेवर बसणार कसा?

लाकाझ : नाही बसणार. सहाला जमतं, साताला जमत नाही.

सोलांज : म्हणजे तुझ्या नियमानं ही कविता संपणारच नाही. आणि हे तुला आधीपासून ठाऊक होतं!

लाकाझ : पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचो मी ते.

सोलांज : शाब्बास! लोकांना कुठे जायचं नसलं की गुडघा दुखतो म्हणतात. तू बीजगणित काढलंस. तिकडे सेत गावात माझं औषधांचं दुकान बंद ठेवून येते मी, लोक औषधासाठी दार वाजवून परत जातात. दर वेळी माझ्या घरी तुझी खोली झाडून, चादर बदलून ठेवते, आणि तू माझ्या हातावर तुरी देतोस. दमले रे मी. आज नाही आलास तर पुन्हा न्यायला येणार नाही. रागानं नाही म्हणत. अंगात त्राणच उरलं नाही.

लाकाझ : माझ्या तरी अंगात कुठे उरलंय? रोज तीच कडवी. तोंडपाठ झालीत, आणि आता तर फिरायलाही जाववत नाही.

सोलांज : मग सोड ना ती! आहे तरी काय तो पाचवा शब्द?

लाकाझ : ‘उद्या’.

सोलांज : एवढ्या शब्दांत हाच का?

लाकाझ : इरेनचा आहे तो. दिवा मालवताना म्हणाली, तुला एक विचारायचंय, पण उद्या विचारीन. मी एका ओळीत अडकलो होतो, नुसता हं म्हणालो. सकाळी तुझी आई उठलीच नाही.

सोलांज : हे तू मला कधी बोलला नाहीस.

लाकाझ : तो शब्द जागेवर आहे तोवर तिचं विचारायचं बाकी आहे. मी इथून उठलो की संपलं. मग ती विचारणारच नाही.

सोलांज : बाबा...

लाकाझ : काय असेल, हेच डोक्यात. आजार लपवत होती का? मला सोडून जायचं होतं का? गेली असती तरी तिला दोष देता आला नसता. माझ्यासारख्याबरोबर राहणं सोपं नव्हतं.

सोलांज : मला का नाही विचारलंस?

लाकाझ : तू नऊ वर्षांची होतीस.

सोलांज : मला माहीत होतं.

लाकाझ : काय माहीत होतं?

सोलांज : मादाम तावारेसच्या मांजरीला पिल्लं झाली होती. त्यातलं करडं मला हवं होतं. मी हट्ट धरला, तर आई म्हणाली, आज बाबा कवितेत आहे, उद्या विचारते त्याला.

लाकाझ : मांजर?

सोलांज : एक कान पांढरा होता.

लाकाझ : एवढंच?

सोलांज : मला ते एवढंसं नव्हतं. पण आई गेल्यावर मांजराचं कुणाला विचारायचं? तू दाराआड पुटपुटत बसायचास. मी बाहेर ऐकत बसायचे. शेवटी ते पिल्लू पाववाल्यानं नेलं.

लाकाझ : मी हो म्हणालो असतो.

सोलांज : छे! कागदांवर केस पडतात म्हणाला असतास.

लाकाझ : खरंय. तसंच म्हणालो असतो. पण तिनं परत विचारलं असतं तर ऐकलं असतं. तिचं पहिल्यांदा कधी ऐकलंच नाही मी.

सोलांज : रडू नकोस रे.

लाकाझ : तू विचार.

सोलांज : मी? काय विचारू?

लाकाझ : तेच. पिल्लाचं.

सोलांज : बाबा, चाळिशी आली माझी. केस पिकायला लागलेत.

लाकाझ : तरी विचार.

सोलांज : कोट घाल आधी. गाडीत विचारते.