पंधरा इंची स्पीकर, दहा बाय बाराची खोली

हॅलो? … हां, जय भीम, धम्मपाल भाऊजी. बरं झालं तुम्हीच केलात फोन… नाही, रविवारच्या कार्यक्रमाचं नंतर. आधी सांगा, ते कपाट घरात आणायचं कोणाच्या डोक्यातून निघालं? … कुठलं म्हणजे? तो स्पीकर! पंधरा इंची! दहा बाय बाराची खोली आमची. त्यात पाळणा ठेवू का तो ठेवू?

… हो, हो, कळतं मला. कीबोर्डला गिटारचा अ‍ॅम्प चालत नाही, हे तुमच्या दादाला, मिलिंदला, मीच सांगितलं होतं. कीबोर्डचे खालचे सूर त्यात पत्र्याच्या डब्यासारखे थरथरायचे… अहो, पण मी चिठ्ठी लिहून दिली होती ना? घरी हेडफोन, नाहीतर दोन छोटे स्पीकर. स्टेजवर एकच बारा इंची, मिलिंदकडे तोंड करून, म्हणजे स्वतःचं ऐकू येईल. बाकी वायर साउंडवाल्याकडे. एवढं सोपं! … खिशातच राहिली? वा!

… ऐका ना! सकाळी चालू केला त्याने. मांडणीवरची भांडी वाजायला लागली. संघरत्ना झोपेतून दचकली. आठ महिन्यांचं पोर, भाऊजी! श्वास अडकेपर्यंत रडली… 'थोडासाच' नाही! ट्रेबल पूर्ण उघडा, कानात दाभण खुपसल्यासारखं. मी ओरडतेय, कमी कर, कमी कर, आणि हा म्हणतो, अजून धार नाही येत.

… काय? दुकानात त्याला बारीक वाटला? … कुठल्या दुकानात? … निजामपुऱ्यात? थांबा थांबा. शेजारी कापडाचे लूम चालू होते? … भिंतीला भिंत? … म्हणजे पलीकडे धडधड चालू, आणि तुम्ही दोघं तिथे उभं राहून आवाज पारखत होता? अहो, तिथे बॉम्ब फुटला तरी बारीकच वाटेल!

… तुम्हाला मोठा वाटला होता? मग बोलला का नाहीत? तोंडाला कुलूप होतं? … 'दादा म्हणाला हाच पाहिजे.' दादा म्हणाला! तुम्ही ढोलकी वाजवता, रिक्षा चालवता, तुमचे कान शाबूत आहेत ना?

… हसू नका. मला हसू येत नाहीये. तेव्हापासून पोरगी गप्प आहे. दोनदा हाक मारली, बघितलंच नाही तिने. कोवळा पडदा असतो हो कानाचा… नाही, उगाच नाही घाबरत. तुमच्या घरात लहान पोर नाही म्हणून तुम्हाला सोपं वाटतं.

… बरं. बघते. फोन ठेवू नका. खुळखुळा आहे माझ्या हातात… हो, मिलिंद आहे ना. दाराकडे पाठ करून वायर गुंडाळत बसलाय. पोरगी शेजारी चटईवर… नाही, स्पीकर बंद आहे. मी दारातच आहे, मागे. वाजवते हं, हळूच…

वळली! भाऊजी, वळली! मान वर करून बघतेय… हसतेय गं बाई माझी… नाही, रडत नाहीये मी. तुम्ही बोला.

… थांबा.

… थांबा जरा. पुन्हा वाजवते.

… नाही, पोरगी बघतेय. मिलिंद नाही बघत… मस्करी नाही करत हो तो. जोरात वाजवतेय मी. तुम्हाला येतंय ना ऐकू? … तुम्हाला अंजूरला बसून येतंय. हा चार पावलांवर आहे.

… दहा. दहा वर्षं होता लूमवर. कानात बोळे घाल म्हटलं की हसायचा… हो ना. प्रत्येक स्पीकरला तेच, धार नाही, धार नाही…

… स्पीकर राहू द्या आता. रिक्षा घेऊन या तुम्ही. कानाच्या डॉक्टरकडे जायचंय… नाही, पोरीला नाही.

… नको, तुम्ही नका काही बोलू त्याला. मी सांगते.

… हो. समोर जाऊन. ठेवते.