बाईंचा राहिलेला चहा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आपल्या दवाखान्यातले डॉक्टर, सिस्टर आणि जमलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

माईकसमोर बोलायची मला सवय नाही. घरात मात्र माझाच आवाज चालतो, हे पहिल्या रांगेत बसलेले आमचे हे सांगतील.

आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय, त्या व्यायामाच्या बाई इथे आल्या, तेव्हा 'फिजिओथेरपी' अशी पाटी असलेल्या खोलीत काय होतं? मोडक्या खाटा आणि केरसुण्या. बाईंनी ओढणी कमरेला बांधली आणि खोली स्वतः झाडून काढली. पुढे ह्यांना झटका आला, डावी बाजू गेली. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, पाणी मागायलाही लाजायचा. बाई प्रत्येक पेशंटला आधी विचारायच्या, बरं झाल्यावर पहिलं काय करणार? हे म्हणाले, तुम्हाला माझ्या हातानं चहा आणून देईन. बाई म्हणाल्या, "मग तो चहा प्यायल्याशिवाय मी गाव सोडायची नाही."

ते वाक्य ह्यांनी मनात धरलं.

एकदा मी बाजारातून लवकर परतले, तर हे काठीशिवाय ओट्यापाशी उभे राहून चहा गाळतायत. मला रडूच आलं. हे म्हणाले, "बाईंना सांगू नकोस. चहा पोचला की त्या जातील." दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पुन्हा काठी, पुन्हा लंगडणं.

बाईंना कळलं नसेल? ज्यांनी तो पाय उभा केला, त्यांना? पण त्या गप्प राहिल्या. त्यांनाही थांबायचंच होतं. अध्यक्ष महोदय, रागावू नका, पण त्यांच्या राहायच्या जागेचं 'बघतो, बघतो' म्हणत आपण सगळ्यांनीच वेळ काढला. गळक्या खोलीत त्यांनी आपलं लेकरू कसं आणायचं? ते शहरात आजीकडे वाढलं. मध्यंतरी फोनवर बोलता बोलता मुलीनं आजीला 'आई' अशी हाक मारली, ती बाईंनी ऐकली आणि राजीनामा दिला. यात त्यांचा काय दोष? उद्या त्या खोलीत पुन्हा केरसुण्या येतील, याचं मला फार वाईट वाटतं.

बोलू दिलंत, आभारी आहे. अधिकउणं काही निघून गेलं असेल तर पदरात घ्या.

अजून एकच. आज सकाळी ह्यांनी स्वतः चहा केला, थर्मासात भरला, आणि मघापासून भरला कप हातात धरून बसलेत.

अहो, काठी राहू द्या तिथेच. उठा आता. बाईंना जाऊ द्या.